इमोजींच्या जोड्या आणि अर्थाचे तक्ते: एक चिकित्सा



‘कोणत्या इमोजीचा खरा अर्थ काय’ हे सांगणारे तक्ते तुमच्या फोनवर कधीतरी आले असतील. डाव्या रकान्यात चित्र, उजव्या रकान्यात अर्थ. हल्ली त्यांत दोन-तीन इमोजींच्या जोड्याही असतात. पालक ते एकमेकांना पाठवतात, शिक्षकांच्या गटांवरही ते फिरतात. या टिपणात आपण या तक्त्यांची चिकित्सा करू.

माझे म्हणणे आधीच सांगते. तक्ता शंका घ्यायला उपयोगी पडतो, निकाल द्यायला नाही. इमोजींच्या जोडीचा अर्थ चित्रांच्या बेरजेतून निघत नाही. ती कोणी, कोणाला, कोणत्या गोष्टीखाली आणि कोणत्या समूहात लिहिली यावर तो ठरतो. हे मला पुस्तकातून कळलेले नाही. एका चुकीत माझाही वाटा होता, तिथून सुरुवात करते.

१. एक प्रसंग

मी मूळची मिरजेची. गेली अठरा वर्षे म्हैसुरात राहते आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढून वर पोहोचल्यावर स्वतःचा फोटो काढला आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. सोलापूरकडच्या एका मुलाने त्याखाली फक्त एवढेच लिहिले:

🚩🚩🙏

शब्द एकही नाही. खाली दोघातिघांनी हसरे चेहरे टाकले. पुढचे दोन दिवस वर्गात कोणीतरी त्या मुलीला ‘रेड फ्लॅग’ म्हणून हाका मारत होते. तिसऱ्या दिवशी तिने लेखी तक्रार केली की, सगळ्यांसमोर मला ‘हिच्यापासून लांब राहा’ असे म्हटले गेले.

विभागाने तिघांची छोटी समिती नेमली, त्यात मी होते. समोर स्क्रीनशॉटची छापील प्रत होती, तीही काळी-पांढरी. एका सहकाऱ्यांनी इमोजींच्या अर्थाचा तक्ता छापून आणला होता. त्यात 🚩 पुढे लिहिले होते ‘धोक्याचा इशारा, टाळावी अशी व्यक्ती’, आणि 🙏 पुढे ‘विनंती’. बेरीज सोपी होती: इशारा, पुन्हा इशारा, कृपया. म्हणजे ‘कृपया लांब राहा’. मुलाला ताकीद देणाऱ्या पत्राचा मसुदाही तयार झाला. हे पत्र त्याच्या फाइलमध्ये कायमचे राहणार होते.

मी मान डोलावली. ज्या मिरजेच्या मुलीने लहानपणापासून खांद्यावर पताका घेतलेल्या दिंड्या पाहिल्या, तिने ते चित्र तक्त्यातून वाचले. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेच नाही.

सही करण्याआधी मुलाला बोलावले. मी मराठीत विचारले, “हे काय लिहिलंस तू?”

तो गोंधळला. म्हणाला, “मॅडम, फोटोत मागे देवळाचं गोपुर दिसतंय ना? मी देवीला नमस्कार केला. आणि झेंडा म्हणजे आपला भगवा. आमच्या गावाकडच्या ग्रुपवर देवळाचा फोटो आला की सगळे हेच टाकतात.”

पत्र फाडले. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: ती मुलगी मूर्ख नव्हती आणि खोटेही बोलत नव्हती. ती ज्या इंग्रजी समाजमाध्यमांवर वावरते तिथे त्या झेंड्याचा अर्थ तिने सांगितला तोच आहे. तिला झालेला त्रासही खरा होता. दोघांनीही आपापल्या भाषेत बरोबर वाचले होते. चूक आमची झाली. आम्ही तिसऱ्याच कोणाच्या तरी तक्त्याला पंच केले.

२. तक्ता काय गृहीत धरतो

असे तक्ते येतात कुठून? दोन उदाहरणे घेऊ. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी संस्थेने २०२१ मध्ये पालकांसाठी एक पानाचा तक्ता काढला होता. कोणते इमोजी कोणत्या अमली पदार्थासाठी वापरले जातात ते त्यात दाखवले होते. नंतर मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘ॲडोलेसन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका आली. तिच्यात वर्गमैत्रिणीच्या खुनाचा आरोप असलेला तेरा वर्षांचा मुलगा आहे. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला इन्स्टाग्रामवरचे इमोजी मैत्रीचे वाटतात. त्याचाच मुलगा त्याला समजावतो की ते टोमणे आहेत. त्यानंतर पालकांसाठीच्या तक्त्यांना आणखी मागणी आली.

हेतू चांगला आहे. तरी या तक्त्यांमागे चार गृहीतके दडलेली असतात.

पहिले: प्रत्येक इमोजी हा एक शब्द आहे आणि त्याला ठरलेला अर्थ आहे. दुसरे: जोडीचा अर्थ म्हणजे दोन अर्थांची बेरीज. तिसरे: एका देशातल्या, एका वयाच्या गटाचा वापर हाच सगळीकडचा वापर. चौथे: आजचा अर्थ उद्याही राहील.

यांची तुलना चांगल्या शब्दकोशाशी करून पाहा. कोशकार शब्द गोळा करताना तो कोणी वापरला, कोणत्या भागात, कोणत्या काळात, याची नोंद ठेवतो. आमच्या म्हैसुरातले भारतीय भाषा संस्थान १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झाले. भाषा बोलणाऱ्यांकडे जाऊन ती नोंदवणे ही तिथल्या कामाची रीत आहे. योगायोग असा की १७ जुलै हाच दिवस जागतिक इमोजी दिन म्हणून पाळला जातो, कारण ॲपलच्या कॅलेंडर इमोजीवर ती तारीख दिसते. तारीख एकच, पण फिरत्या तक्त्यांपर्यंत ती रीत पोहोचलेली नाही. तक्त्यावर ना गाव असते, ना वय, ना वर्ष.

३. चिन्हाला अर्थ कोण देतो

तुमच्यापैकी बरेच जण संगणकशास्त्राचे असाल, म्हणून थोडे आतले यंत्र पाहू.

‘इमोजी’ हा जपानी शब्द आहे. ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजीतल्या ‘इमोशन’शी त्याचे नाते नाही. जपानमधील शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये डोकोमो कंपनीच्या मोबाइल सेवेसाठी १७६ चित्रे तयार केली. प्रत्येक चित्र १२ गुणिले १२ ठिपक्यांचे. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत शेकडो इमोजी आले. आपल्या रुपयाचे ₹ हे चिन्हही त्याच आवृत्तीत आले.

युनिकोड काय देते? एक क्रमांक आणि एक नाव. 🚩 चे नाव मराठीत सांगायचे तर ‘खांबावरचा त्रिकोणी झेंडा’, आणि 🙏 चे ‘जोडलेले हात’. ‘धोका’, ‘भगवा’, ‘विनंती’, ‘नमस्कार’ यांतले काहीच तिथे लिहिलेले नाही. चित्र कसे दिसावे हेही फोन बनवणारे बऱ्याच अंशी स्वतः ठरवतात. ॲपलने २०१६ मध्ये पिस्तुलाच्या जागी पाण्याची पिचकारी दाखवायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये गूगल, सॅमसंग वगैरेंनी तेच केले. मधल्या काळात एकाने पाठवलेली पिचकारी दुसऱ्याच्या फोनवर खरे पिस्तूल म्हणून उघडत होती.

जोड्या दोन प्रकारच्या असतात. पहिली यंत्राने जोडलेली. पुरुष, बाई आणि मुलगी ही तीन चिन्हे ‘शून्य रुंदीचा जोडक’ नावाच्या अदृश्य चिन्हाने सांधली की पडद्यावर एकच कुटुंब दिसते. जुन्या फोनला ही जोडणी कळली नाही तर तीन सुटी माणसे दिसतात. मराठी टंकलेखन करणाऱ्याला हा जोडक परका नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द शेजारी ठेवा. एकात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातला आडवा रकार संगणकावर लिहिण्याची एक रीत म्हणजे र, हलन्त आणि तोच अदृश्य जोडक. डोळ्यांना न दिसणारे चिन्ह गुरुजींचा आचारी करू शकते.

दुसरी जोडी माणसाने जोडलेली. तिथे सांधणारे चिन्ह कुठल्याच क्रमांकात नसते. 🚩 आणि 🙏 यांना जोडणारी गोष्ट त्या मुलाच्या मनात होती, त्याच्या गावाकडच्या गटात होती आणि फोटोतल्या गोपुरात होती. तक्ता करणाऱ्याला ती दिसणे शक्यच नव्हते.

४. समास आहे, विभक्ती नाही

शाळेत शिकलेले समास इथे कामाला येतात. मराठीत दोन शब्द एकत्र आले की अर्थ अनेक रीतींनी बनतो.

‘आईवडील’ म्हणजे आई आणि वडील. हा इतरेतर द्वंद्व. कोणी अभ्यासाच्या रात्री ☕📚 लिहिले तर ते असेच आहे: चहा आणि पुस्तके, दोन्ही समोर आहेत.

‘चहापाणी’ म्हणजे फक्त चहा आणि पाणी नव्हे. त्यात फराळ आला, विचारपूस आली. हा समाहार द्वंद्व. 🎂🎈 म्हणजे केक आणि फुगा एवढेच नसते, वाढदिवसाचा सगळा गडबडगुंडा त्यात येतो. आणि सरकारी कचेरीबाहेर ‘चहापाण्याचं बघा’ कोणी म्हटले तर त्यात चहाही नसतो आणि पाणीही नसते, हे तुम्हाला सांगायला नको.

‘नीलकंठ’ म्हणजे निळा रंग नव्हे आणि गळाही नव्हे, तर शंकर. हा बहुव्रीही: दोन पदांहून वेगळ्याच तिसऱ्याचा बोध. अनेक प्रसिद्ध जोड्या याच जातीच्या आहेत. 👁👄👁 म्हणजे दोन डोळे आणि ओठ नव्हेत, तर ‘बघतच राहिलो, काय बोलावे कळेना’ असा आ वासलेला चेहरा. 🥺👉👈 यात बोटे कोणाकडेही दाखवलेली नाहीत. लाजत, बोटाला बोट लावत काहीतरी मागणाऱ्या माणसाची ती मुद्रा आहे. इथे बेरीज करून अर्थ निघत नाही. माहीत असावा लागतो, किंवा विचारावा लागतो.

एवढ्यावर कोणी म्हणेल, मग जोड्यांचाही तक्ता करू. अडचण पुढे आहे. समास वाक्यात येतो तेव्हा त्याला प्रत्यय लागतो, क्रियापद मिळते. इमोजींच्या ओळीला विभक्ती नसते. 🙏 मध्ये हात जोडलेले दिसतात, पण कोणाला, ते दिसत नाही. ‘देवीला हात जोडतो’ आणि ‘तुला हात जोडतो’ यांत एका पदाचा फरक आहे आणि तेच पद चित्रात नाही. त्यातून मराठीत ‘कोपरापासून हात जोडणे’ हा वाक्प्रचार आहेच. समोरच्याला कंटाळून ‘बाबा रे, आता पुरे’ म्हणायचे असते तेव्हा आपण तो वापरतो. म्हणून 😂🙏 किंवा 🙄🙏 ही जोडी नमस्काराची नसते, शरणागतीची असते.

आमच्या समितीपुढचा सगळा वाद या न लिहिलेल्या ‘ला’ प्रत्ययाचा होता. मुलीने ‘तुला’ वाचले, मुलाने ‘देवीला’ लिहिले होते. तक्त्यात ‘ला’साठी रकाना नसतो.

५. एकच चित्र, वेगळे वाचक

आता काही जोड्या त्यांच्या वाचकांसह पाहू.

🌹🙏 मराठी कुटुंबाच्या गटावर सकाळी आले तर ‘शुभ सकाळ’. 💐🙏 निधनाच्या बातमीखाली आले तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तोच 💐 केकाशेजारी बसला की शुभेच्छा. फुले तीच, नमस्कार तोच. अर्थ वरच्या बातमीने ठरवला. म्हणून घाईत बातमी न वाचता 💐🎂 टाकणाऱ्या काकांची फजिती होते आणि भाचा त्यांना खासगीत कळवतो, “काका, डिलीट करा.”

🚩🙏 वारीच्या दिवसांत ‘राम कृष्ण हरी’सोबत येते, १९ फेब्रुवारीला ‘जय शिवराय’सोबत येते. इंग्रजी समाजमाध्यमांवर मात्र एका ओळीत चार-पाच झेंडे म्हणजे ‘या माणसात खोट आहे’. २०२१ च्या ऑक्टोबरात ट्विटरवर या वापराची लाटच आली होती. चित्राचा रंग बहुतेक फोनवर लाल आहे. वारकऱ्याला तो भगवा दिसतो, कारण पाहण्याआधीच त्याला माहीत असते की हा कोणता झेंडा आहे.

💛❤️ ही जोडी म्हैसुरात शिकायला येणाऱ्या मराठी मुलांना कळायला वेळ लागतो. एकाने ती पाहून मला विचारले होते, “मॅडम, यांचं दोघांचं काही चाललंय का?” तसे काही नव्हते. वर पिवळा, खाली लाल हा कन्नड झेंडा आहे. हे हळद-कुंकवाचे रंग मानले जातात. १ नोव्हेंबरला, राज्योत्सवाच्या दिवशी, इथल्या विद्यार्थ्यांच्या स्टेटसवर ही दोन हृदये असतात. क्रमही बघा: पिवळे आधी, लाल नंतर. पुण्याच्या मुलाच्या फोनवर हीच जोडी आली तर ती मैत्री आणि प्रेम अशी वाचली जाईल. हृदयांच्या रंगांचा अर्थ सांगणारे तक्ते बरेच आहेत. त्यांच्या भरवशावर राहिलात तर कर्नाटकातला भाषाभिमान तुम्ही प्रेमप्रकरण म्हणून वाचाल.

🐐 म्हणजे क्रिकेटच्या चाहत्यांत ‘सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ’, कारण इंग्रजीतल्या ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ची आद्याक्षरे जोडली की ‘गोट’ होते. मराठीत ‘बकरा’ म्हणजे फसलेला माणूस. एखाद्या मित्राने सेकंडहँड मोटारसायकल महाग घेतली आणि खाली कोणी 🐐😂 लिहिले, तर तो सर्वश्रेष्ठ ठरलेला नसतो. उलट 🧢 बाबत दोन भाषा अचानक जवळ येतात. अमेरिकी तरुणांच्या बोलीत ‘कॅप’ म्हणजे थाप, आणि आपल्याकडे ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे. असे जुळले म्हणून पुढचे जुळेल असे समजू नका.

💀 आणि 😭 यांनी शिक्षकांना फार छळले आहे. निकालाच्या दिवशी 📚💀😭 आले तर आम्ही घाबरतो. पण तुमच्या पिढीत कवटी म्हणजे बहुधा ‘हसून हसून मेलो’ आणि धो धो रडणे म्हणजेही हसणे. मराठीतही आपण ‘हसता हसता मेलो’ म्हणतोच. उलट दिशेची चूक थोरांकडून होते: 😂 मधले अश्रू पाहून ते रडणे समजतात आणि निधनाच्या बातमीखाली टाकतात. २०१५ मध्ये ऑक्सफर्डने याच चेहऱ्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले होते, आणि त्याचे नावच ‘आनंदाश्रूंचा चेहरा’ आहे. पण ते नाव कीबोर्डवर छापलेले नसते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. ‘या पिढीत 💀 म्हणजे हसू’ हादेखील एक तक्ताच आहे. खरोखर खचलेला विद्यार्थीही 💀 लिहू शकतो. एरवी भरपूर बोलणारा मुलगा अचानक रात्री दोन वाजता फक्त 🙂💀 लिहून गप्प झाला, तर नव्या तक्त्यावर विश्वास ठेवून हसू नका. फोन करा.

६. न्यायालयांनी कसे वाचले

हे सगळे घरगुती वाटत असेल तर न्यायालयांत काय घडले ते पाहा.

इस्रायलमधल्या, २०१७ मध्ये निकाल लागलेल्या एका खटल्यात एका दांपत्याने भाड्याच्या घरासाठी घरमालकाला मेसेज पाठवला होता. घर हवे आहे असे शब्द होते आणि सोबत नाचणाऱ्या बायका, दोन बोटांची खूण, धूमकेतू, खार आणि शॅम्पेनची बाटली अशी इमोजींची रांग होती. घरमालकाने जाहिरात काढून टाकली. पुढे ते दोघे गप्प झाले. न्यायालयाने करार झाला असे म्हटले नाही. पण त्या आनंदी रांगेमुळे घरमालक विसंबून राहिला, हा व्यवहार सचोटीचा नव्हता, असे धरून ८,००० शेकेल द्यायला लावले. खारीचा अर्थ काय, यावर निकाल अडला नाही. पूर्ण रांगेचा सूर आणि तिचा परिणाम पाहिला गेला.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात २०२३ मध्ये जवसाच्या खरेदीचा खटला गाजला. खरेदीदाराने कराराचा फोटो पाठवून ‘कृपया कराराची खात्री करा’ असे लिहिले, शेतकऱ्याने 👍 पाठवला आणि पुढे माल दिला नाही. शेतकऱ्याचे म्हणणे, मेसेज मिळाला एवढेच मला सांगायचे होते. न्यायाधीशांनी ऑनलाइन शब्दकोशातला अर्थ पाहिला, पण त्याहून वजनदार ठरला तो दोघांचा आधीचा व्यवहार. यापूर्वी याच शेतकऱ्याने अशाच मेसेजना ‘ठीक’, ‘हो’ अशी एका-दोन शब्दांची उत्तरे दिली होती आणि माल दिला होता. म्हणून अंगठा सहीसारखा मानला गेला आणि सुमारे ८२,००० कॅनेडियन डॉलरांची भरपाई ठरली.

मद्रास उच्च न्यायालयात २०२४ मध्ये तोच अंगठा उलटा वाचला गेला. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने, अधिकाऱ्याच्या हत्येसंबंधीच्या व्हॉट्सॲप मेसेजला 👍 दिला. तो आनंद व्यक्त करतो आहे असे समजून त्याला नोकरीतून काढले होते. न्यायालयाने म्हटले की हा अंगठा ‘ठीक आहे, पाहिले’ याचा पर्याय असू शकतो, खुनाचा आनंद नव्हे. त्याला कामावर परत घेण्याचा निर्णय कायम राहिला.

दोन्ही ठिकाणी चित्र एकच. कॅनडात ‘मंजूर’, मद्रासमध्ये फक्त ‘पाहिले’. एका ओळीच्या तक्त्याने यातला एक निकाल नक्कीच चुकवला असता.

७. तक्त्याची बाजू

चिकित्सा एकांगी नसावी. तक्त्याच्या बाजूनेही बोलायला हवे.

इमोजींची संदिग्धता निष्पाप माणसाला वाचवते, तशीच ती खोडसाळ माणसालाही आडोसा देते. एखाद्या मुलीच्या प्रत्येक फोटोखाली कोणी सूचक चित्रे टाकत राहिला आणि हटकल्यावर ‘मी तर फळाचं चित्र टाकलं’ म्हणाला, तर ‘अर्थ सापेक्ष असतो’ हे माझे वाक्य त्याला ढाल म्हणून मिळता कामा नये. ‘ॲडोलेसन्स’मधल्या अधिकाऱ्याची चूक आमच्या चुकीच्या उलट होती. आम्ही नसलेला टोमणा वाचला, त्याला असलेला दिसला नाही. अशा ठिकाणी तक्ता निदान कान टवकारायला लावतो. अमेरिकी संस्थेच्या त्या पानावरही सूचना होती की एकट्या इमोजीवरून गुन्ह्याचा निष्कर्ष काढू नये. पुढे पाठवणाऱ्यांना चित्रांचे रकाने लक्षात राहिले, ती सूचना राहिली नाही.

म्हणून हेतू एवढाच निकष पुरत नाही. वाचणाऱ्याला काय झाले हेही मोजावे लागते. आमच्या मुलाला कळल्यावर त्याने गटावर खुलासा केला, मुलीची माफी मागितली आणि पुन्हा तसे लिहिले नाही. निष्पाप चूक आणि खोडी यांतला फरक बहुधा इथे कळतो: सांगितल्यावर माणूस थांबतो का.

८. वाचायची रीत

तक्त्याच्या जागी मी विद्यार्थ्यांना पाच प्रश्न देते. जोडी समोर आली की क्रमाने विचारा.

एक, ही कशाखाली लिहिली आहे? वरचा मेसेज, फोटो, बातमी आधी पूर्ण वाचा.
दोन, कोणी कोणाला लिहिली, आणि न लिहिलेला ‘ला’ कोणाकडे जातो?
तीन, लिहिणारा कोणत्या समूहात ही जोडी शिकला असेल? गावाकडचा गट, क्रिकेटचे चाहते, इंग्रजी समाजमाध्यमे, घरातली वडीलधारी माणसे?
चार, याच दोघांत यापूर्वी ती कशी वापरली गेली आहे?
पाच, माझ्या फोनवर दिसते तेच चित्र त्याच्या फोनवर दिसत आहे का?

पाचांची उत्तरे मिळाली नाहीत तर सहावा मार्ग सर्वांत जुना आहे: विचारा. “यातून तुला काय म्हणायचं होतं?” हे वाक्य टाइप करायला दहा सेकंद लागतात. आमच्या समितीला ते तीन दिवसांनी सुचले.

आणि लिहिणाऱ्यांसाठी एकच सूचना. ज्याला तुम्ही नीट ओळखत नाही, किंवा जिथे गैरसमजाची किंमत मोठी आहे, तिथे जोडीसोबत एक शब्द लिहा. त्या मुलाने 🚩🚩🙏 च्या आधी ‘देवीला’ एवढे लिहिले असते तर हे टिपण लिहावे लागले नसते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. तुमच्या घरच्या आणि कॉलेजच्या गटांवर 🙏 हे चिन्ह आठवडाभरात ज्या जोड्यांत आले त्यांची यादी करा. प्रत्येक जोडीपुढे कोणी, कोणाला, कशाखाली लिहिले ते नोंदवा. लोकांची नावे लिहू नका.

२. इतरेतर द्वंद्व, समाहार द्वंद्व आणि बहुव्रीही या प्रत्येक प्रकाराची तुमच्या वापरातली एकेक इमोजी-जोडी द्या. ज्या जोड्या यांपैकी कशातच बसत नाहीत त्या का बसत नाहीत ते सांगा.

३. तुमच्या भाषेतला असा एक वाक्प्रचार शोधा ज्यामुळे एखादा इमोजी इंग्रजी वापरापेक्षा वेगळा वाचला जातो.

४. कॅनडा आणि मद्रास येथील निकालांत 👍 चे वाचन वेगळे का झाले? वरच्या पाच प्रश्नांच्या आधारे उत्तर लिहा.

५. तुम्ही आमच्या समितीत असता आणि मुलाने खुलासा केल्यानंतर महिन्याभराने त्याच मुलीच्या फोटोखाली पुन्हा 🚩🚩 लिहिले असते, तर तुमचा निर्णय काय असता? कारणे द्या.